नातवाच्या अंगावरचा झगा

प्रश्न : ताई, माझ्या मुलाची गुरुदीक्षा दोन महिन्यांवर आली आहे. मी लग्नाआधी ज्या मंडळीत वाढले तिथे झगे नव्हते, धूप नव्हता, वेदीही नव्हती. माझे वडील तिथे चाळीस वर्षं वचन सांगायचे, साध्या सदऱ्यात. त्यांचा रविवारचा एक पांढरा सदरा होता; तो ते इतर दिवशी घालत नसत आणि आई तो वेगळा धुवायची. लग्नानंतर मी कॅथलिक झाले, तेव्हाही बाबा रागावले नाहीत. नातू धर्मगुरू होणार म्हटल्यावर तर आनंदाने रडले. पण परवा मुलाने नवा झगा अंगावर घालून काढलेला फोटो पाठवला आणि बाबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "येशूने परूश्यांना कशावरून खडसावलं ते वाच. माझ्या नातवाला असं सजलेलं मला बघवणार नाही. मी घरी बसून त्याच्यासाठी प्रार्थना करीन." ते ८२ वर्षांचे आहेत. इकडे सासरच्यांना जरीकामाचा भारी झगा भेट द्यायचाय आणि मुलगा नको म्हणतोय. माझी दोन्हीकडून ओढाताण होतेय. खरं सांगायचं तर इतकी वर्षं समोर बसून मी ते कपडे बघतेय, पण त्यांचा अर्थ मला कुणी सांगितला नाही आणि मीही कधी विचारला नाही. बाबांना काय सांगू?
— एक आई

प्रिय भगिनी,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. बाबांना काय सांगू, असं तुम्ही विचारलंत. माझं म्हणणं, आधी काहीच सांगू नका. बाबा जे बोलले ते चर्चमध्ये फार पूर्वीच बोललं गेलंय, आणि तेही थेट पोपच्या तोंडून. इ.स. ४२८ मध्ये पोप सेलेस्टिन पहिले यांनी गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या, दक्षिण भागातल्या बिशपांना एक पत्र धाडलं होतं. तिथले काही बिशप वेगळाच पेहराव करून, कमरेला पट्टा बांधून वावरू लागले होते. पोपनी त्यांना चांगलंच सुनावलं. त्याचा आशय असा : आपण लोकांहून वेगळे ओळखू यावं ते शिकवणुकीवरून, कपड्यांवरून नाही, वागण्यावरून, पेहरावावरून नाही, मनाच्या निर्मळपणावरून, सजावटीवरून नाही. हे बाबांना वाचून दाखवलंत तर ते मनापासून 'आमेन' म्हणतील.

आणि त्यांच्या मंडळीतला साधेपणाही कुणाला फुकट मिळालेला नाही. १५५० साली इंग्लंडमध्ये जॉन हूपर यांची ग्लॉस्टरचे बिशप म्हणून नेमणूक झाली, तेव्हा बिशपची वस्त्रं अंगावर चढवून दीक्षा घ्यायला त्यांनी नकार दिला. याला पवित्र शास्त्रात आधार दाखवा, एवढंच ते म्हणत होते. त्यापायी त्यांनी तुरुंग पाहिला. अखेर तडजोड झाली आणि १५५१ मध्ये दीक्षाही झाली. पुढे कॅथलिक राणी मेरीच्या राज्यात, १५५५ मध्ये, त्यांच्या प्रॉटेस्टंट श्रद्धेपायी त्यांना त्याच ग्लॉस्टरमध्ये जिवंत जाळलं. 'साधा सदरा घालून वचन सांगेन' या आग्रहामागे अशीही माणसं उभी आहेत. म्हणून घरात कुणी "बाबा जुन्या वळणाचे, चालायचंच" असं म्हणालं, तर तुम्ही त्यात होकार मिसळू नका. बाबांचा आक्षेप विचारपूर्वक आहे आणि त्याला विचारपूर्वकच भिडायला हवं.

आता परूश्यांचं, म्हणजे येशूच्या काळातल्या कर्मठ यहुद्यांचं बघू. बाबांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २३वा अध्याय वाचायला सांगितला असणार. येशू तिथे म्हणतो, ते सगळं लोकांनी बघावं म्हणून करतात. आपली मंत्रपत्रं, म्हणजे कपाळावर आणि हातावर बांधायच्या वचनांच्या डब्या, रुंद करतात आणि वस्त्रांचे गोंडे मोठे करतात. तो अध्याय जरूर वाचा. आणि मग त्याच मत्तयाचा ९वा अध्याय उघडा. बारा वर्षं रक्तस्रावाने गांजलेली एक बाई गर्दीतून मागून येते आणि येशूच्या वस्त्राच्या गोंड्याला शिवते. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. म्हणजे येशूच्या वस्त्रालाही गोंडे होते! असणारच, जुन्या करारातल्या गणनाच्या १५व्या अध्यायात तशी आज्ञाच आहे. कशासाठी, तेही तिथेच सांगितलंय : ते बघून परमेश्वराच्या आज्ञांची आठवण व्हावी म्हणून. गोंडा ज्याने घातलाय त्यानेच तो बघायचा. येशूने गोंडे कापून टाकले नाहीत, तो बोलला ते लांबवलेल्या गोंड्यांबद्दल. गोंडा लांबला की त्याच्याकडे बघणारा बदलतो. घालणाऱ्याची नजर त्यावरून उठते आणि लोकांची त्यावर बसते.

मला विचाराल तर झग्याचा सगळा प्रश्न मत्तयाच्या या दोन अध्यायांच्या मधे आहे. वस्त्र घालणाऱ्याला आठवण देतंय, की बघणाऱ्याला दिपवतंय?

तुम्ही लिहिलंत की अर्थ कुणी सांगितला नाही. गेली बावीस वर्षं मी चर्चच्या सॅक्रिस्टीत, म्हणजे वस्त्रं ठेवायच्या खोलीत, ही वस्त्रं धुते, इस्त्री करते, उसवलेलं शिवते आणि मिस्सेआधी, म्हणजे वेदीवरच्या उपासनेआधी, मांडून ठेवते. तेव्हा जे हाताखालून गेलंय ते सांगते.

मांडणी उलटी असते. सगळ्यांत शेवटी अंगावर चढायचं ते सगळ्यांत खाली. खाली मोठा झगा, ज्याला चॅझुबल म्हणतात. त्यावर स्टोल, म्हणजे गळ्यातला लांब पट्टा. त्यावर कमरेची दोरी, मग आल्ब हा पांढरा पायघोळ अंगरखा, आणि सगळ्यांत वर मानेभोवती गुंडाळायचं पांढरं चौकोनी कापड, अ‍ॅमिस.

हे कपडे मुळात धर्माचे नव्हतेच. रोमन साम्राज्यात माणसं रोज जे घालत, तेच हे. आल्ब म्हणजे साधा लांब अंगरखा. चॅझुबल म्हणजे प्रवासात, पावसापाण्यात अंगावर ओढायचा गोल झगा, मधे डोकं घालायला भोक पाडलेला. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक भाकर मोडायला जमत तेव्हा अशाच कपड्यांत, फार तर स्वच्छ धुतलेल्या. पुढे लोकांचे कपडे बदलले, आखूड झाले, आणि वेदीजवळचे तसेच राहिले. जुन्या करारातल्या निर्गमच्या २८व्या अध्यायात इस्राएलचा महायाजक अहरोन याच्या वस्त्रांचं वर्णन आहे, त्यांच्याशी त्यांचं नातं जोडलं गेलं ते नंतर. तरी त्या अध्यायातली एक गोष्ट मला कायम भिडते. अहरोनाच्या ऊरपटावर बारा रत्नं आणि त्यांवर इस्राएलच्या बारा वंशांची नावं कोरलेली. तो पवित्रस्थानात जाई तेव्हा ती नावं त्याच्या हृदयावर असत. स्वतःचं नाव त्यात कुठेच नाही.

आता एकेक वस्त्र घालताना म्हणायची प्रार्थना सांगते. आज या प्रार्थना सक्तीच्या नाहीत, पण पुष्कळ धर्मगुरू त्या अजून म्हणतात. अ‍ॅमिस आधी क्षणभर डोक्याला लावतात आणि मग मानेवर घेतात. प्रार्थना आहे, प्रभू, माझ्या मस्तकावर तारणाचं शिरस्त्राण ठेव. आल्ब घालताना म्हणतात, मला धुऊन शुभ्र कर, कोकराच्या रक्तात धुतलेलं माझं हृदय शुद्ध होऊ दे. दोरी बांधताना शरीराच्या निग्रहासाठी प्रार्थना होते. (अंगरखा पायात येऊ नये हे दोरीचं रोजचं काम, तेही कमी महत्त्वाचं नाही.)

आल्बपाशी जरा थांबा, कारण बाबांशी बोलायची खरी जागा ही आहे. आल्ब याजकपणाचं वस्त्र नाहीच. ते बाप्तिस्म्याचं वस्त्र आहे. आरंभीच्या चर्चमध्ये पुनरुत्थानाच्या रात्री बाप्तिस्मा घेणाऱ्यांना पाण्यातून वर आल्यावर पांढरं वस्त्र नेसवत आणि ते आठवडाभर ते घालून वावरत. ईस्टरनंतरच्या रविवाराच्या जुन्या लॅटिन नावात त्या पांढऱ्या वस्त्रांचा उल्लेख अजून टिकून आहे. तुमच्या मुलाच्या बाप्तिस्म्यात त्याच्यावर पांढरं कापड ठेवलं होतं, ते हेच. एखाद्या दिवशी शवपेटीवर पांढरी चादर पसरतात, तीही हीच. गलतीकरांस पत्रात पौल लिहितो की ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांनी ख्रिस्ताला परिधान केलं आहे. त्या अर्थाने हे वस्त्र तुमच्या बाबांच्या अंगावर आहे, तुमच्या अंगावर आहे. नातू वेदीपाशी जाताना स्टोल आणि चॅझुबलच्या आत तेच घालणार आहे. आधी तो तुमच्यातला एक, बाकीचं त्यावर.

मग स्टोल. याची प्रार्थना मला सगळ्यांत जवळची वाटते : प्रभू, आमच्या पहिल्या पित्याच्या (आदामाच्या) पापाने मी जे अमरत्वाचं वस्त्र गमावलं, ते मला परत दे. परत दे! मागणारा मिरवणारा नाही, गमावून बसलेला आहे. लूकच्या १५व्या अध्यायात उधळा पुत्र घरी येतो आणि बाप चाकरांना सांगतो, लवकर उत्तम झगा आणून याला घाला. जुन्या लॅटिन शास्त्रात तिथल्या झग्याला शब्द आहे तो 'स्तोला'. म्हणजे धर्मगुरू गळ्यात पट्टा घालतो तेव्हा डुकरांमधून उठून घरी आलेल्या पोराच्या जागी उभा असतो. अधिकाराची खूण म्हणून स्टोलकडे बघणाऱ्यांनी, आणि त्यात काही धर्मगुरूही येतात, ही प्रार्थना विसरू नये असं मला फार वाटतं. ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही पुरोहित वस्त्रं चढवताना यशयातलं वचन म्हणतो : माझा जीव परमेश्वरात आनंद करील, कारण त्याने मला तारणाची वस्त्रं नेसवली आहेत. 'त्याने मला', हे लक्षात घ्या.

शेवटी चॅझुबल. लॅटिनमधलं त्याचं नाव 'कासुला', म्हणजे छोटंसं घर. माणूस त्यात शिरतो आणि झाकला जातो. त्याचे खांदे, पोट, सदऱ्याची किंमत, शरीराचा बांधा, काही दिसत नाही. जुन्या अर्थाप्रमाणे हे प्रेमाचं वस्त्र. कलस्सैकरांस पत्रात पौल करुणा, ममता, सौम्यता अशी एकेक वस्त्रं घालायला सांगतो आणि म्हणतो, या सगळ्यांवर प्रीती धारण करा. प्रार्थना मात्र जुवाची आहे : प्रभू, माझं जू सोयीचं आणि माझं ओझं हलकं असं तू म्हणालास, ते वाहायला मला शिकव. झगा दोन्ही खांद्यांवर बसतो, बैलाच्या मानेवर जू बसावं तसा.

हे सगळं पुस्तकातलं झालं. मला ते पटलं ते मात्र एका संध्याकाळी. माझी आई शेवटच्या आजारात कुणालाच ओळखत नव्हती. मलाही नाही. आजाऱ्याला पवित्र तेल लावायला फादर आले ते साध्या शर्टात, पावसात भिजलेले. आईने त्यांच्याकडे बघून मान फिरवली. त्यांनी खिशातून रुमालासारखी घडी केलेली अरुंद स्टोल काढली, एका बाजूने पांढरी आणि दुसऱ्या बाजूने जांभळी, प्रवासात न्यायची असते तशी. घडी उलगडली, मधल्या क्रूसाचं चुंबन घेतलं आणि ओल्या कॉलरवर ती टाकली. आईने ती पट्टी पाहिली आणि हात जोडले. हात जुळत नव्हते, बोटं एकमेकांवर नीट बसत नव्हती, तरी जोडले. फादर कोण आहेत हे तिला कळलं नव्हतं, आणि कळायची गरजही नव्हती. कुणाच्या वतीने कुणीतरी आलंय, एवढं त्या चार बोटं रुंदीच्या कापडाने तिला सांगितलं. त्यानंतर मी स्टोलला इस्त्री करताना कधी घाई केली नाही.

पण बाबांची भीती खोटी नाही, हेही मी याच डोळ्यांनी बघितलंय. एकदा मिस्सेला पाच मिनिटं असताना एका धर्मगुरूंनी आल्बवरच्या एका सुरकुतीवरून वेदीसेवक मुलाला सगळ्यांसमोर असं झापलं की ते पोर थरथरायला लागलं. आणि मग तेच धर्मगुरू 'माझं हृदय शुद्ध होऊ दे' म्हणत तीच आल्ब अंगावर चढवून बाहेर गेले. त्या दिवशी मला झग्याची लाज वाटली. झग्याआड माणूस लपतो तसं पापही लपू शकतं, आणि लपलेलं आहे. झग्याकडे बघून गप्प राहिलेल्यांनी त्याची किंमत मोजली आहे. मुलाशी हे स्पष्ट बोला. आईने बोललेलं तो ऐकेल.

रंगांबद्दल थोडक्यात सांगते. पांढरा ख्रिस्तजन्म आणि पुनरुत्थानाच्या काळात, लाल पवित्र आत्म्याच्या आणि रक्तसाक्षींच्या दिवशी, जांभळा आगमनकाळ आणि उपवासकाळात, हिरवा वर्षातल्या उरलेल्या साध्या दिवसांत. वर्षातून दोनच रविवारी गुलाबीही घालता येतो, वाट बघण्याच्या आणि उपवासाच्या मध्यावर थोडा आनंद म्हणून. १५७० च्या रोमन मिस्सा-ग्रंथाने या रंगांची घडी पक्की बसवली. हिरवा रंग वर्षात सगळ्यांत जास्त दिवस येतो आणि त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. मला तोच आवडतो.

आता सासरच्यांच्या भेटीकडे येऊ. मुलगा नको म्हणतोय ते त्याच्या लहरीवर नाही. रोमन मिस्सा-ग्रंथाच्या सूचनांमध्येच म्हटलंय की वस्त्राचं सौंदर्य आणि थोरवी त्यावर लादलेल्या नक्षीत शोधू नये, कापडाच्या पोतात आणि बेतण्यात शोधावी. संत जॉन क्रिसोस्तोम चौथ्या शतकात मत्तयावरच्या प्रवचनात याहून कडक बोलले होते : ख्रिस्ताला इथे देवळात रेशमी वस्त्रांनी मान देऊ नका आणि बाहेर तोच थंडीने, उघडेपणाने मरत असताना त्याच्याकडे पाठ फिरवू नका. आणि तूरचे संत मार्टिन, ज्यांनी आपला झगा कापून अर्धा भिकाऱ्याला दिला होता, त्यांची बिशप झाल्यानंतरचीही एक गोष्ट आहे. उपासनेला निघताना त्यांनी अंगातला अंगरखा एका उघड्या माणसाला देऊन टाकला आणि घाईघाईत विकत आणलेल्या जाड्याभरड्या, आखूड अंगरख्यात वेदीपाशी उभे राहिले.

सासरच्यांचं प्रेम मात्र खरं आहे, ते दुखवू नका. त्यांना सांगा, झगा जरूर द्या, पांढरा द्या. पांढरा वर्षभरातल्या मोठ्या सणांना, लग्नांना, बाप्तिस्म्यांना लागतो, त्यामुळे तुमची भेट तो सगळ्यांत आनंदाच्या दिवशी घालेल. कापड उत्तम घ्या, पडणारं, हलकं. जरीच्या वजनाने खांदे दुखतात आणि प्रार्थनेत हात वर धरायचे असतात, हे ज्याने भारी झगा उचललाय त्याला ठाऊक असतं. जरीकामावर खर्च होणार होता तो मुलाला विचारून त्याच्या नावाने एखाद्या उघड्या अंगासाठी खर्च करा. सासूबाईंना हे मुलानेच सांगावं, तुम्ही नको.

राहिले बाबा.

तुमच्या पत्रातलं त्या पांढऱ्या सदऱ्याचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मी तिथेच थांबले. इतर दिवशी न घातलेला, वेगळा धुतलेला सदरा म्हणजे काय, हे तुमच्या आईला कळत होतं. पण एक विनंती आहे. हे वाक्य बाबांवर डाव म्हणून टाकू नका. "बघा, तुमचाही झगा होताच की" असं कुणी म्हणालं तर ते हरतील कदाचित, आणि हरलेला माणूस सोहळ्याला आला तरी मनाने येत नाही. त्याऐवजी नातवाला त्यांच्याकडे पाठवा. त्याने विचारावं, "आजोबा, तो सदरा तुम्ही वेगळा का ठेवायचात?" आणि गप्प बसून ऐकावं. उत्तर काय येईल ते मला ठाऊक नाही. जे येईल ते त्याला धर्मगुरू म्हणून आयुष्यभर पुरेल असं असू शकतं.

मग त्यांना हवं असेल तरच त्याने आपली वस्त्रं त्यांच्या खाटेवर मांडावीत, सॅक्रिस्टीत मांडतात तशीच उलटी. अंगावर काही चढवू नये. बाबांनी फोटोत नातवाच्या अंगावरचा झगा बघितलाय. त्यामागची प्रार्थना ऐकलेली नाही. एकेक वस्त्र त्यांच्या हातात देऊन ती प्रार्थना त्याने वाचावी. आयुष्यभर वचनावर जगलेल्या माणसाला त्या प्रार्थनांत शिरस्त्राण, कोकरू, उत्तम झगा, जू, सगळं ओळखीचं भेटेल.

सोहळ्यात काय होतं तेही त्यांना आधी सांगा. सुरुवातीला नातू साध्या आल्बमध्ये असेल, डीकनची (धर्मगुरू होण्याआधीच्या पायरीवरच्या सेवकाची) स्टोल डाव्या खांद्यावरून तिरकी. संतांची प्रार्थनामाला चालू असताना तो जमिनीवर पालथा पडेल, कपाळ फरशीला टेकवून. बिशपनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केल्यानंतरच त्याची स्टोल सरळ करून दोन्ही खांद्यांवर येईल आणि वरून चॅझुबल. आणि ते तो स्वतः चढवत नाही. जवळ उभे असलेले दुसरे धर्मगुरू त्याला घालतात. योहानाच्या शेवटच्या अध्यायात येशू पेत्राला म्हणतो, तू तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून हवं तिथे जात होतास. म्हातारा होशील तेव्हा दुसरा तुझी कंबर बांधील आणि तुझी इच्छा नाही तिकडे तुला नेईल. त्या क्षणी मला दरवेळी हेच वचन आठवतं. आणि वर्षातून एकदा, पवित्र गुरुवारी, धर्मगुरू तो झगा उतरवतो आणि येशूने उतरवून ठेवला होता तसाच बाजूला ठेवून लोकांचे पाय धुवायला गुडघ्यांवर बसतो. बाबांना तो गुरुवारही सांगा.

इतकं करूनही ते नाही म्हणाले तर? तर राहू द्या. रोमकरांस पत्रात पौलाने अशाच वादात सांगितलंय की प्रत्येकाने आपल्या मनाची पक्की खात्री करून घ्यावी, आणि जो वेगळं मानतो त्याला तुच्छ लेखू नये. ८२ वर्षांच्या माणसाला गाडीत बसवून, मनाविरुद्ध पहिल्या बाकावर आणून फोटो काढण्यात काहीही अर्थ नाही. गुरुदीक्षेआधीच्या संध्याकाळी मुलाने त्यांच्याकडे जावं आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकून आशीर्वाद मागावा. घरी बसून प्रार्थना करीन असं ते म्हणालेच आहेत. ती प्रार्थना त्याच्या डोक्यावर हात ठेवून करा, एवढंच त्याने म्हणावं.

तुमच्यासाठीही एक काम आहे. स्टोल मानेवर जिथे बसते तिथे घाम लागतो आणि कापड वर्षभरात पिवळं पडतं. म्हणून आतल्या बाजूने पांढऱ्या सुती कापडाची एक पट्टी लावतात. मऊ मलमल घ्या, साधारण वीतभर लांब आणि चार बोटं रुंद, आधी धुऊन आटवून घेतलेली. कडा आत दुमडा आणि कच्च्या धावदोऱ्याने हातानेच शिवा. मशीन मारू नका, कारण ती दर थोड्या दिवसांनी उसवून धुवायची असते. दोन पट्ट्या करून ठेवा, एक धुण्यात आणि एक गळ्यात. बाबांचा तो सदरा अजून कुठे असेल आणि त्यांनी स्वतःहून दिला, तर त्याचं कापड याला चांगलं होईल.

तुमची,
ताई